पारड्याखालचा पासंग

काटेवाले,

तुमची माझी ओळख भांडणाने झाली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागून जेमतेम महिना झाला होता. तुम्ही प्रयोगशाळेतले तराजू तपासायला आलात, आणि दहा ग्रॅमचं पितळी वजन बोटांनी उचलून मी तुमच्या हातात द्यायला गेले. तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, बाई, चिमट्याने. बोटाचा घाम लागला की वजन खोटं होतं. वीस विद्यार्थ्यांसमोर. मी फणकाऱ्याने म्हटलं, घामाचं वजन किती असतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणालात, मग तर बोलायलाच नको. मुलं हसली. मी दोन दिवस धुमसत होते आणि तिसऱ्या दिवसापासून आयुष्यभर चिमटा वापरला.

त्यानंतर एकतीस वर्षं, वर्षातून दोनदा, तुम्ही ती लाकडी पेटी खांद्याला लावून यायचात. आत मखमलीच्या खोबणीत मोठ्यापासून चिमुकल्यापर्यंत वजनं, एक कुंचला, एक भिंग, बारीक कानस. पेटीमुळे तुमचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता. "जगाचे तराजू सरळ करतात आणि ह्यांचीच दांडी वाकडी," असं वहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे तुमची बायको. मी त्यांना पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणत आले. घरी बसून शर्टांची काजं-बटणं करायच्या, आणि दोन बटणांमधलं अंतर तुम्ही कधी मोजायला लागलात तर सुई दाखवायच्या.

तुम्ही हा गाव खालून ओळखायचात. किराणावाला, सोनार, भंगारवाला, पोस्टाचा पार्सल काउंटर, सगळ्यांची पारडी तुम्ही उलटी करून बघितलेली. पासंग म्हणजे काय ते मला तुम्हीच शिकवलंत. दोन रिकामी पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो तुकडा बांधतात, तो पासंग. प्रामाणिक दुकानदाराचा पासंग समोर लोंबत असतो, सगळ्यांना दिसतो. लबाडाचा पारड्याच्या बुडाला मेणाने चिकटवलेला असतो. "उलटं करून बघायचं, बाई," तुम्ही म्हणायचात, "वरून सगळीच चकचकीत असतात."

तोवर ठीक होतं. पण तुम्ही पुढे जाऊन एक नियमच करून ठेवला होता, की ज्याचा काटा खरा तो माणूस खरा. दूध कुणाकडून घ्यायचं, उधार कुणाला द्यायचं, घड्याळ कुणाकडे दुरुस्तीला टाकायचं, सगळं तुम्ही काट्यावरून ठरवायचात. वहिनी एकदा मला म्हणाल्या, ह्यांना न्हाव्याकडे काटा सापडेना, म्हणून केस वाढलेत. आपण तिघं किती हसलो होतो. त्या हसण्यातच तुम्हाला एक टपली मारायला हवी होती. मला वाटलं, निरुपद्रवी खूळ आहे, असू दे.

मी निवृत्त होऊन तुमच्याच इमारतीत, तुमच्या वर दोन मजले राहायला आले, तेव्हा वहिनींना खोकला लागलेला होता. त्यांची प्रकृती आधीच तोळामासा. संध्याकाळी कणकण, अंगावरचे कपडे सैल. सरकारी इस्पितळात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, क्षय निघाला. डॉक्टरीणबाई लहानच होती, पण स्पष्ट बोलली: सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, पूर्ण बरा होणारा आजार आहे. मीही तेच सांगितलं. मूठभर गोळ्या, लघवी केशरी, सकाळभर मळमळ, तोंडाला चव नाही. वहिनी म्हणायच्या, आजार बरा होता, त्याला निदान भूक तरी लागायची.

महिन्यातून एकदा इस्पितळाच्या व्हरांड्यात वजन व्हायचं. तिथला स्प्रिंगचा काटा तुम्ही पहिल्याच दिवशी वाकून बघितलात. वर कुणी उभं नसताना काटा शून्याच्या पुढे, सव्वा किलोवर. तुम्ही नर्सला सांगितलंत. तिच्यापुढे साठ माणसांची रांग होती. ती म्हणाली, "काका, सगळ्यांचंच सव्वा किलो जास्त येतं. म्हणजे सगळे सारखेच ना?"

तुम्ही हे मला घरी येऊन, चपलाही न काढता, दारातच सांगितलंत. आणि मी तुम्हाला म्हटलं, काटेवाले, ती नर्स बरोबर आहे. इथे फरक बघायचाय. मागच्या महिन्यापेक्षा वाढलं की घटलं एवढाच. चूक दर वेळी तेवढीच असेल तर फरक खराच येतो. हे तुम्हाला समजलं नाही असं नाही. समजलं, पण पचलं नाही. ज्या घरात शून्यच खोटं, त्या घरातलं पुढचं काही खरं कसं असेल, हा तुमचा हिशेब. दोन महिन्यांत वहिनींचं वजन चारशे ग्रॅम वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, छान, हळूहळूच वाढतं. तुम्ही तिच्याकडे न बघता काट्याकडे बघत होतात.

नेमका त्याच आठवड्यात तुम्हाला पुड्या बांधून औषध देणाऱ्या एकाचं, त्या पुडीवाल्याचं, बोलावणं आलं. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचं केंद्र. रुग्णांचं वजन करायला त्याने जुना पितळी दांडीचा मोठा काटा ठेवला होता, तो जरा अडकत होता. तुम्ही गेलात, तपासलात, आणि काटा मुळातच जवळजवळ खरा निघाला. तरी तो म्हणाला, एका ग्रॅमचा फरक राहायला नको, माझं सगळं वजनावर चालतं. केवढं खरं बोलला बघा. तुम्ही आयुष्यभर दुकानदारांच्या मागे लागलात काटा नीट ठेवा म्हणून, आणि हा पहिला माणूस भेटला जो तुमच्याच मागे लागला. तुम्ही तिथेच विरघळलात. परत येताना जिन्यात मला गाठून म्हणालात, त्याच्या पासंगालाही ते इस्पितळ पुरणार नाही.

चौथ्या दिवशी वहिनींना तिकडे नेताना मी हट्टाने बरोबर आले. भोंदू कसा असतो याचं माझ्या मनात एक चित्र होतं. प्रत्यक्षात बँकेतल्या साहेबासारखा माणूस बसला होता. नखं स्वच्छ, आवाज मऊ, मी आत आले तर उठून उभा राहिला. खोलीत पांढऱ्या खुर्च्या. भिंतभर जोडीजोडीने फोटो, डावीकडे हाडांचा सापळा, उजवीकडे तोच माणूस गाल भरलेला, खाली दोन्ही वजनं ग्रॅमपर्यंत लिहिलेली. सांधे, दमा, मधुमेह, वंध्यत्व, क्षय, सगळ्यांना एकच पुडी.

मी विचारलं, हिच्यात काय आहे. म्हणाला, अठ्ठावीस वनस्पती. कुठल्या, तर हसला. नावं सांगितली तर उद्या खालचा चपलावालाही पुड्या बांधायला बसेल. तुम्हीही हसलात. मला राग आला होता, पण प्रश्न चांगला सुचला.

"ह्या पुडीने काय बरं होत नाही?"

"असं कुणी विचारत नाही, बाई."

"म्हणून मी विचारतेय."

"शंका," तो म्हणाला. माझ्याकडे नाही, वहिनींकडे बघून म्हणाला. "ज्याच्या मनात शंका, तो बरा होत नाही. तेवढं एक मला जमलेलं नाही."

काटेवाले, त्या माणसाने त्या एका वाक्यात वहिनींचं तोंड बंद केलं. पुढे त्यांचं डोकं दुखायला लागलं तेव्हा त्या सांगेनात, कारण सांगणं म्हणजे शंका घेणं. हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढं दिसलं की त्याने इस्पितळाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, आणि वहिनींच्या चेहऱ्यावर सुट्टी लागलेल्या पोरीसारखा आनंद पसरला.

जिना उतरताना मी तुम्हाला फैलावर घेतलं. औषधात काय ते सांगत नाही, सगळे रोग एका पुडीत बरे करतो, दुसऱ्याचं औषध बंद करायला लावतो, आणि गुण नाही आला तर दोष रोग्याचाच. अजून काय पाहिजे तुम्हाला, त्याने पाटी लावायला हवी का? तुम्ही शांतपणे म्हणालात, त्याचा काटा मी तपासलाय. मी म्हटलं, काट्याचं काय घेऊन बसलात. तुम्ही जिन्यात थांबलात. वहिनी दोन पायऱ्या खाली कठड्याला धरून उभ्या होत्या.

"मग माणूस ओळखायचा कशावरून, बाई?"

माझ्याकडे उत्तर होतं, ते मी लगेच दिलं: पारडं उलटं करा. एक पुडी मला द्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, ती आठवड्यात सांगेल. तुम्ही वहिनींना हात देऊन उतरवलंत. पण तीन दिवसांनी वर आलात आणि पुडी माझ्या टेबलावर ठेवलीत. वर तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात तारीख आणि २.०० ग्रॅम. त्या दिवशी वहिनींना दोनाऐवजी एकच पुडी मिळणार, याचीच तुम्हाला चुटपुट लागली होती.

"काही निघालं नाही, तर बाईंनी खाली येऊन हिची माफी मागायची," तुम्ही म्हणालात.

"आणि निघालं तर?"

"निघालं तर बघू."

त्या दोन ग्रॅमचीही गोष्ट आहे. पुडीवाल्याच्या पुड्या कमीजास्त भरायच्या, एकीत पावणेदोन, दुसरीत सव्वादोन. तुम्हाला ते बघवेना. तुम्ही त्याला सांगितलंत, त्याने हात जोडून चूक कबूल केली, आणि तुमचा जीव आणखीच त्याच्यावर बसला. मग रोज सकाळी तुम्ही स्वतःच, सोनारी तराजूवर, चिमट्याने आणि कागदाच्या पन्हळीने, दिवसाच्या दोन्ही पुड्या सारख्या करून घ्यायचात. मी एकदा ते बघितलं. वहिनी ग्लास घेऊन बाजूला थांबलेल्या, आणि तुम्ही श्वास रोखून काटा स्थिर व्हायची वाट बघताय. एवढ्या मायेने कुणी कुणाला औषध दिलेलं मी पाहिलेलं नाही.

आता माझं. तुमचंच माप काढत बसले तर मला लिहायचा अधिकार नाही.

मी दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी पुडी पर्समध्ये घालून बसने गेले. दोन बस बदलून. प्रयोगशाळेत कळलं की माझी विद्यार्थिनी रजेवर आहे, सोमवारी येईल. दुसरा कुणी होता, पण तो अर्ज भरा, शिक्का आणा म्हणायला लागला. मला रांगा सहन होत नाहीत. मी परत आले. सोमवारी जाणार होते. चप्पल पायात होती, खरंच सांगते, पर्स हातात होती, आणि दारावर टकटक झाली. दारात वहिनी. दोन मजले चढून, एकट्या, वर्षात पहिल्यांदा. धापही फारशी नव्हती.

"गाल बघा बाई," त्या म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढे नव्हते."

ताप गेला होता. भूक अशी की दोन माणसांचं जेवण एकट्या संपवत होत्या. इस्पितळाच्या नव्हे, त्याच्या काट्यावर अडीच किलो वाढलं होतं, आणि तो काटा खरा होता. मी चप्पल काढली. चहा केला. आम्ही दोघी तासभर बसलो, त्यांनी माझ्या स्वेटरचं तुटलेलं बटण लावून दिलं. आणि माझ्या मनात आलं, असेल बाबा काहीतरी त्याच्या पुडीत.

होतंच की. मला स्टेरॉइडची रचना फळ्यावर काढता येते, आजही, डोळे मिटून. ती माणसाच्या गालावर कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. ते भूक लावतं, ताप झाकतं, तोंड गोल करतं, अंगात पाणी धरून ठेवतं, आणि आत क्षयाला मोकळं रान देतं. हे सगळं मला पुस्तकात सापडलं असतं. मी पुस्तक उघडलं नाही, कारण वहिनी माझ्या समोर हसत बसल्या होत्या. तो सोमवार गेला, मग पुढचा. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. कारणं काय, लागतील तेवढी मिळतात.

पाचव्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे तक्ता घेऊन आलात. आलेखाच्या कागदावर, शिस पेन्सिलीने, दर आठवड्याचं वजन. रेघ चढत गेलेली. चार किलो शंभर ग्रॅम. "बोला," तुम्ही म्हणालात. मी कागद घडी करून परत दिला. पुडीचं तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. आपल्या दोघांनाही त्या रेघेला हात लावायचा नव्हता.

अकराव्या आठवड्यात वहिनींनी शर्टाला उलट्या बाजूने बटणं लावली. एक नाही, सहा शर्टांना. तुम्ही थट्टा केलीत, त्या तुमच्याकडे ओळख नसल्यासारख्या बघत राहिल्या. उठायला गेल्या तर पाय उचलेनात; तोंड पौर्णिमेसारखं आणि मांड्या काडीसारख्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. टॅक्सीत डोकं माझ्या मांडीवर होतं. "सांगणार नव्हते," त्या म्हणाल्या, "फार दिवस दुखतंय."

इस्पितळात तीच डॉक्टरीणबाई होती. फोटो बघून तिने खुर्ची ओढून घेतली आणि बसली. आजार मेंदूपर्यंत पोहोचला होता. काय घेत होत्या, तिने विचारलं. तुम्ही सांगितलंत, वेळेसकट, वजनासकट. तिने डोळे मिटले. मग तुम्ही खिशातून तो आलेखाचा कागद काढून तिच्यापुढे उलगडलात.

"पण वजन वाढत होतं."

"ते बहुतेक पाणी आणि सूज, काका. बहुतेक त्या पावडरीत स्टेरॉइड असणार."

"बहुतेक म्हणजे किती?"

प्रामाणिक मुलगी होती, तिने आकडा सांगितला नाही. वहिनी नऊ दिवसांनी गेल्या. व्हरांड्यातला काटा तेव्हाही सव्वा किलोवर होता. जाता-येता तुम्ही त्याच्याकडे बघत होतात.

नंतर मी सरकारी कचेरीत तक्रार द्यायला गेले. तिथला माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, पाकीट सीलबंद आहे का, वर उत्पादकाचं नाव आहे का, पावती आहे का. पुडीवाल्याच्या पुडीला नाव नाही, पावती तो देत नाही, आणि माझ्याकडची पुडी तुमच्या हाताने मोजलेली, उघडून पुन्हा बांधलेली. असा नमुना पुराव्यात धरत नाहीत. तो म्हणाला, ताजी सीलबंद आणा. मी म्हटलं, तो सील करतच नाही. तो म्हणाला, हो, तीच अडचण आहे सगळीकडे.

केंद्र जोरात चालू आहे. मी मुद्दाम वर चढून बघून आले. भिंतीवर वहिनी आहेत. डावीकडे इस्पितळाच्या दिवसांतल्या, उजवीकडे ते गाल. खाली दोन्ही वजनं, ग्रॅमपर्यंत बरोबर. समोरच्या खुर्चीत एक काडीसारखी बाई तो फोटो टक लावून बघत बसली होती. मी तिला सांगितलं, ही बाई मेली. ती घाबरून माझ्यापासून दूर सरकून बसली. माझ्या मनात शंका आहे, ती आपल्याला लागेल, म्हणून.

तुम्ही त्याला तो फोटो काढायला का सांगत नाही, असं मी तुम्हाला विचारणार होते. मग कळलं की तुम्ही अजूनही त्याचा काटा तपासायला जाता. बाकीच्यांकडे वर्षातून दोनदा, त्याच्याकडे महिन्याला. काट्याला काही झालेलं नसतं. तुम्ही पेटी उघडून वजनं मांडता, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसता. वहिनींचा गाल भरलेला तेवढा एकच फोटो आहे जगात. मी विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी जिन्यात तुम्ही मला थांबवलंत. खांदा आता कमरेपर्यंत यायचा बाकी आहे.

"बाई, ती पुडी आहे ना?"

"आहे."

"तेवढी बघून या. मला ‘बहुतेक’ नको."

मी हो म्हटलं. जाते म्हटलं, सोमवारी.

पुडी माझ्या कपाटात, जुन्या काचेच्या तराजूच्या पेटीत आहे. विद्यार्थिनी तिथेच आहे, आता वरच्या जागेवर आहे, अर्ज न भरता करून देईल. काय निघणार ते मला माहीत आहे. त्यानंतर तुम्ही कसला हिशेब मांडाल तेही माहीत आहे: सत्त्याहत्तर दिवस, दिवसाला दोन, त्यातली एक माझ्याकडे. एकशे त्रेपन्न पुड्या, प्रत्येकी बरोबर दोन ग्रॅम, आणि एकूण एक तुमच्या हातच्या. आज सोमवार आहे. अकराची बस गेली. खाली तुमचं दार वाजलं, तुम्ही जिन्यापर्यंत येऊन थांबला होतात, मला ऐकू आलं. मग परत आत गेलात. मीही दार उघडलं नाही.